दुकान वाढव

‘डीग्रोथ’ला मराठीत काय म्हणायचं, यावर आमच्या लातूरच्या गटात पहिले काही महिने नुसता काथ्याकूट चालला होता. हवामान बिघडतंय, उन्हाळा दर साली जास्त भाजतोय, आणि यावरचा उपाय म्हणजे आणखी कारखाने, आणखी गाड्या, आणखी खरेदी नव्हे; ज्यांच्याकडे पुरेसं आहे त्यांनी हात आखडता घ्यायचा, एवढी साधी गोष्ट लोकांना सांगायची होती. पण तिला नाव सापडेना. कुणी ‘अवृद्धी’ म्हणालं, ते एखाद्या काढ्याचं नाव वाटलं. ‘विकासविराम’ सुचलं, तर गटातले डॉक्टर म्हणाले, हे ऐकून लोकांना वाटेल आपला रस्ता होणार नाही, आणि ते आपल्याला वेशीवरूनच परत पाठवतील. मी सुचवलेला शब्द होता ‘वाढबंदी’. गट चालवणाऱ्या बाई माझ्याच कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायच्या. त्या म्हणाल्या, “सर, हे नसबंदीच्या शेजारचं वाटतंय.” सगळे हसले. मीही हसलो, पण मला राग आला होता. माझी कुणी थट्टा केली की मी आधी हसतो आणि मग घरी येऊन बायकोवर चिडतो.

मी भूगोल शिकवायचो. निवृत्त झाल्यावर या गटात आलो आणि लवकरच गटाचं तोंड झालो, कारण मला बोलता येतं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. माझ्या बाबतीत तो गुण कमी आणि रोग जास्त आहे. माईक हातात आला की मला दुसरं काही सुचत नाही. समोर चाळीस माणसं असोत की चार, मी त्यांना हसवल्याशिवाय खाली बसू शकत नाही.

पण या विषयावर कुणी हसत नव्हतं. बिलोलीकडच्या एका गावात शाळेच्या वऱ्हांड्यात मी तासभर बोललो. शेवटी एक गृहस्थ उठले. “सर, कमी करा म्हनता ते पटलं. पन आमचं वाढलंच कवा? आदी वाढू तर द्या.” मी म्हणालो, हे तुमच्यासाठी नाही, ज्यांच्याकडे भरपूर आहे त्यांच्यासाठी आहे. ते म्हणाले, “मंग त्यांच्याकडं जाऊन सांगा की.” ज्यांच्याकडे भरपूर होतं ते आमच्या सभांना येतच नव्हते. येत ते पाच-पंचवीस निवृत्त लोक, ज्यांना आता तसंही काही घ्यायचं नव्हतं. बाई निराश होत. मी वरवर धीर द्यायचो, पण माझी खंत वेगळी होती. लोकांना विषय पटला नाही, यापेक्षा मी पटवू शकलो नाही, हे मला जास्त लागत होतं.

अशातच धाकट्या भावाचा फोन आला.

आमचं गाव लोहा तालुक्यात. मी शिकलो, नोकरीला लागलो, लातूरला घर बांधलं. हा गावी राहिला. शेती केली, मग विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायला शिकला, मग लोह्याला एक छोटं दुकान टाकलं. पंखे, कूलर, मोटारींचं वाइंडिंग. आता पन्नाशीत त्याने नांदेडला मोठं दुकान घेतलं होतं. फ्रीज, कूलर, एसी, सगळं.

“दादा, पाडव्याला उद्घाटन हाय. नारळ तुमच्या हातानं. दुसऱ्या कुनालाच बोलवून नाही राहिलो मी. पुढारी न्हाई, कुनी न्हाई. तुमीच.”

“अरे, मी काय करतोय ते ठाऊक आहे ना तुला? लोकांना एसी घेऊ नका म्हणून सांगत फिरतो.”

“हाव, म्हाईत हाय की. तुमचे व्हिडिओ बघतो मी. चांगलं बोलता.” मग जरा थांबून म्हणाला, “पन तुमी मोठे आहात ना घरात.”

गटात मी हे सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या, घरचं कार्य आहे, जाऊन या, फक्त भाषण करू नका. बायको म्हणाली, नारळ वाढवा, चार शब्द गोड बोला आणि खाली बसा. दोघींनाही मी हो म्हणालो.

दुकान खरोखर देखणं होतं. बाहेर ऊन तापलेलं आणि आत शिरलं की अंगावर गार हवा. लोह्याची, गावाकडची पुष्कळ माणसं आली होती. बाया डोक्यावरचा पदर सावरत त्या गारव्यात बावरून उभ्या होत्या. भावाने नवा पांढरा सदरा घातला होता. तो मला हाताला धरून सगळीकडे फिरवत होता. मागच्या बाजूला त्याने एक टेबल मांडून ठेवलं होतं. त्यावर पाने, पक्कड, तांब्याच्या तारेची रिळं. “रिपेरीचं सोडलं न्हाई दादा. कंपनीवाले म्हनले, शोरूमला शोभत न्हाई. मी म्हनलं, पडदा लावतो, पन टेबल राहील.” मी मान डोलावली. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं होतं, हे मला नीट आठवतं.

नारळाची एका फटक्यात दोन शकलं झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग भावाने माझ्या हातात माईक दिला.

मला खरंच आशीर्वाद द्यायचा होता. हे मी कितीदा सांगितलं तरी आता खोटंच वाटणार. मी बोललो ते लहानपणाविषयी, आईविषयी, याने रात्री-अपरात्री लोकांच्या मोटारी कशा दुरुस्त करून दिल्या त्याविषयी. लोक गहिवरले होते. भावाची बायको हातात ओवाळणीचं ताट घेऊन डोळे पुसत होती. मला शेवट चांगला करायचा होता. गेली दोन वर्षं मी ‘वाढ’ हा शब्द फक्त शिवी असल्यासारखा वापरत आलो होतो. म्हटलं, आज भावासाठी तो चांगल्या अर्थाने वापरू. लहानाचं मोठं केलंस, आता याहून मोठं कर, असं काहीसं मनात होतं. आणि मी आवाज चढवून म्हणालो, “माझं तुला एवढंच सांगणं आहे. असंच मेहनतीनं हे दुकान वाढव!”

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग कळलं. आपल्याकडे दुकान बंद करतात असं कुणी म्हणत नाही. रात्री शटर ओढताना म्हणतात, दुकान वाढवलं. धंदा बुडून कायमचं कुलूप लागलं तरी म्हणतात, त्यांनी दुकान वाढवलं. बांगडी फुटली तर वाढवली, दिवा मालवला तर वाढवला. अशुभ तोंडाने उच्चारू नये म्हणून शब्द उलटा केलेला, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि मी, शब्दांवर पोट भरलेला माणूस, भर पाडव्याला, नारळ फुटून पाच मिनिटं झाली नाहीत तोच, भावाला दुकान बंद कर म्हणालो होतो.

मागून कुणीतरी खिदळलं. कुणीतरी ‘अर्रर्र’ म्हणालं. भावाची बायको ताट तिथेच फ्रीजवर ठेवून आत निघून गेली. तिथल्या तिथे ‘चुकलो’ म्हणून हात जोडले असते तर सगळे हसले असते आणि गोष्ट मिटली असती. पण मला चुकलो म्हणायची सवय नाही. भावाने हळूच माझ्या हातातून माईक घेतला आणि म्हणाला, “दादांचा आशीर्वाद हाय. चला, जेवायला चला सगळे.” त्याचा चेहरा उतरला होता, पण आवाज त्याने सांभाळला.

परतीच्या गाडीत मी बायकोला म्हणालो, जीभ घसरली. ती म्हणाली, “मला ठाऊक आहे. त्यांना सांगितलंत का?” मी म्हणालो, फोन करतो.

फोन करायच्या आधीच तो व्हिडिओ लातूरला पोचला. कुणीतरी मोबाइलवर घेतला होता. दुसऱ्या दिवशी गटाच्या बैठकीत मी पाऊल टाकलं तर सगळे उभे राहिले. डॉक्टरांनी मला मिठी मारली. “सर, सख्ख्या भावाच्या दुकानात, नारळ फोडून, तोंडावर सांगितलंत! याला म्हणतात निष्ठा.” बाई म्हणाल्या, “मी तुम्हाला भाषण करू नका म्हणाले, मी चुकले.” त्यांच्या डोळ्यांत खरंखुरं कौतुक होतं. मी तोंड उघडलं होतं. ‘अहो, तसं नाही’ एवढे शब्द ओठांपर्यंत आलेही होते. पण इतक्या दिवसांत माझ्याकडे कुणी असं बघितलं नव्हतं. मी नुसता हसलो. त्या हसण्याने जे काम केलं ते दहा थापांनी केलं नसतं.

आणि मग आम्हाला आमचा शब्द सापडला. इतके महिने जो शब्द शोधत होतो तो आपल्या घरात, आपल्या आजी-पणजीच्या तोंडात होता. मीच ती मांडणी केली, आणि खोटं कशाला बोलू, मांडणी चांगली होती. मी सभेत सांगायचो की आपल्या भाषेला ठाऊक आहे, प्रत्येक गोष्ट एका वेळेला आवरायची असते, आणि आवरणं म्हणजे कमीपणा नाही. म्हणून दिवा वाढवायचा, दुकान वाढवायचं. जगाचं दुकान चोवीस तास उघडं आहे, म्हणून पृथ्वी तापली आहे. रात्र झाली की शटर ओढायचं असतं. ‘दुकान वाढवा’ असे फलक आम्ही जुन्या कापडावर रंगवले. सभा भरायला लागल्या. भोकरला बायका आल्या, तरुण आले, कधी नव्हे ते दुचाकीच्या शोरूमचे एक मालकही येऊन बसले. विषय तोच होता, पण आता लोक ऐकत होते. मला आजही तो विषय खरा वाटतो, आणि तो पटवण्यासाठी मी जे वापरलं त्याची लाज वाटते. एकाने दुसरं पुसलं जात नाही.

कारण लोक मांडणी ऐकायला येत नव्हते, ते भावाची गोष्ट ऐकायला येत होते. “सर, ते दुकानाचं सांगा!” अशी हाक यायची. मी सांगायचो. सांगता सांगता गोष्ट रंगत गेली. भावाचा सदरा पांढऱ्याचा चकचकीत झाला, गळ्यात सोन्याची साखळी आली, जी त्याने जन्मात घातली नाही. मी ‘वाढव’ म्हटल्यावर त्याचे डोळे कसे गरगरले, तोंड कसं उघडं पडलं, ते मी करून दाखवायचो. लोक हसून हसून बेजार व्हायचे. मागचं ते टेबल मात्र मी कधीच गोष्टीत आणलं नाही. ते आणलं असतं तर कुणी हसलं नसतं.

पूर्वी आठवड्याला भावाचा फोन यायचा, तो कमी होत गेला. त्याची बायको माझ्या बायकोशी बोलायची. एका दुपारी मी जेवत असताना बायकोने सांगितलं की नांदेडला दुकानाच्या कट्ट्यावर येऊन पोरं विचारतात, काय हो, वाढवलं का दुकान? गावाकडच्या नात्यातल्या कुणी सांगितलं, मोठ्या भावाच्या तोंडून निघालंय, खरं होणार. जाऊबाईंनी सत्यनारायण घातला, तरी त्यांच्या मनातून जात नाही. “तुम्ही एकदा जाऊन या,” बायको म्हणाली. “लोकां सांगे ब्रह्मज्ञान चाललंय तुमचं. सख्ख्या भावाला एक वाक्य सांगायला जीभ उचलत नाही.” मी म्हणालो, या सभा आटोपल्या की जातो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, पण मी उठून फोनही केला नाही. फोन करून काय सांगणार होतो? चुकून म्हणालो असं त्याला सांगायचं, तर मग सभेत काय सांगायचं?

मग लातूरची मोठी सभा आली. हॉल भरला होता. बाईंनी ठरवलं होतं की यावेळी नुसतं ऐकवायचं नाही, लोकांकडून हात वर करून घ्यायचे. शपथ अशी: वर्षभर एकही नवं यंत्र घेणार नाही. असलेलं दुरुस्त करून वापरीन. त्याचे फोटो काढायचे, गावोगाव दाखवायचे, म्हणजे लोकांना कळेल की असं म्हणणारी माणसं आहेत. बाईंचं सगळं त्या हातांवर अवलंबून होतं. एकदा लोकांनी जाहीरपणे हो म्हटलं की पुढचं सोपं होईल, असं त्या म्हणायच्या.

मी पायऱ्या चढत होतो तेव्हा बायकोचा फोन आला. “भाऊजी आलेत लातूरला. घरी येऊन गेले, पाणीसुद्धा घेतलं नाही. तिकडेच येतायत. त्यांना तुम्हाला एकच विचारायचंय, तोंडावर. तुम्ही मुद्दाम म्हणालात, की चुकून. अहो, चुकून म्हणालात एवढंच ऐकायचंय त्यांना. ते सांगा, मग ते निवांत होतील.” मी म्हणालो, बरं. सभा झाली की भेटतो.

स्टेजवरून मी त्याला शोधलं. दिसला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. वाटलं, गर्दी बघून बाहेर थांबला असेल. माझं बोलणं सुरू झालं आणि थोड्याच वेळात हाक आली, “दुकानाचं सांगा!” मी आज नको म्हणणार होतो. खरंच म्हणणार होतो. पण हॉल सगळा हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत होता. मी सुरू केलं. सदरा, साखळी, गार हवा. लोक हसायला लागले. आणि डावीकडच्या खांबाशी मला तो दिसला. उभा होता. तोच पांढरा सदरा.

तिथे थांबता आलं असतं. थांबायचं सोडून मी त्याच्याकडे न बघता उजवीकडच्या लोकांकडे वळलो आणि गोष्ट पुरी केली. डोळे गरगरवले नाहीत एवढंच. आणि शेवटी नेहमी म्हणायचो तेच म्हणालो, “लोक विचारतात, सर, जीभ घसरली का? मी सांगतो, नाही. मी समजून उमजून म्हणालो.” टाळ्यांचा कडकडाट झाला. ज्या प्रश्नासाठी तो नांदेडहून एसटीने आला होता, त्याचं उत्तर मी त्याला हॉलभर लोकांसमोर, माईकवरून दिलं.

बाईंनी माईक घेतला आणि शपथेचं सांगितलं. कोण कोण तयार आहे, हात वर करा. हसायला सगळे होते. आता लोक पायाखाली बघायला लागले, कुणी मोबाइल काढला, कुणाला शेजाऱ्याशी बोलायचं आठवलं. बाई पुन्हा म्हणाल्या, “कुणीतरी सुरुवात करा.” मी स्टेजवर उभा होतो, आणि माझ्यामागे तो कापडी फलक लटकत होता. मला वाटलं जमीन दुभंगावी.

खांबाजवळून एक हात वर गेला. सरळ, पूर्ण वर, शाळेत हजेरीला करतात तसा. भावाचा.

तो हात बघून पुढच्या रांगेत एक आजोबा उठले, मग दोन बाया, मग मागे तरुणांचा घोळका. हात वाढत गेले. बाईंनी कधी माझ्या भावाला पाहिलं नव्हतं. व्हिडिओत त्याची पाठ होती. त्या धावतच खांबापाशी गेल्या, डोळे भरून आले होते त्यांचे, आणि त्यांनी त्याच्यापुढे माईक धरला. “दादा, पहिला हात तुमचा. आपण काय करता?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. लहानपणी मी चुकीचं गणित सांगितलं आणि त्याला मास्तरांनी मारलं, तरी माझं नाव न घेता तो असाच बघायचा. मी मान खाली घातली नाही, पण बोललोही नाही. एक वाक्य पुरलं असतं. ‘हा माझा भाऊ.’

“शेती,” तो म्हणाला.

“ऐकलंत?” बाई हॉलकडे वळून म्हणाल्या. “पहिला हात एका शेतकऱ्याचा!”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.